फ्रेंचमध्ये शेवटचं अक्षर बोलत नाहीत, मग डिक्टेशनला ते ओळखायचं कसं?

मैना

नमस्कार मंडळी, भाषा विभागात पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी अकरावीला आहे, सेकंड लँग्वेज म्हणून फ्रेंच घेतलंय, आणि तिच्याबरोबर बसून बसून मीपण शिकायला लागलेय कारण मला मनापासून आवडतेय ही भाषा. वाचताना फारसं अडत नाही, शेवटचं व्यंजन सोडून द्यायचं हे एकदा अंगवळणी पडलं की गाडी चालते. अडतं ते ऐकून लिहिताना. बाई म्हणतात 'ग्राँ', आता शेवटी डी लिहायचा, टी लिहायचा की काहीच नाही? 'ब्लाँ' म्हणतात त्याच्या शेवटी सी निघतो, 'लों' म्हणतात त्याच्या शेवटी जी निघतो, 'नेझ' वाटावं असं लिहिलेलं नाक बोलताना नुसतं 'ने'. आणि क्रियापदांचं तर विचारूच नका, 'पार्ल' एवढंच कानावर पडतं आणि ते मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात यातलं काहीही असू शकतं, तिन्हीचं स्पेलिंग मात्र वेगळं.

क्लासमध्ये 'केअरफुल'चा नियम सांगितलाय, म्हणजे त्या इंग्रजी शब्दातली सी, आर, एफ, एल ही चार व्यंजनं शेवटी आली तर बोलायची, बाकी गाळायची. पण मग 'पार्ले' (बोलणे) मधला आर का गाळतात, 'ताबा' (तंबाखू) मधला सी का गाळतात? मुलगी विचारते, आई बोलायचंच नाही तर लिहायचं कशाला, आणि इंग्रजीत पण तेच आहे, लॅम, थम, बॉम, सगळीकडे शेवटी बी लिहायचा आणि गिळायचा. यामागे काही कारण आहे का, की नुसतं पाठांतर? पाठांतर करायला तयार आहोत, पण काहीतरी धागा हाताला लागला तर बरं. (इथे सगळं देवनागरीतच लिहितेय, अवतरणात आहे तो उच्चार समजा.)

सांजवात

मैनाताई, प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. मी बरीच वर्षं घरी फ्रेंच शिकवते, तर आधी कामाचं सांगते.

फ्रेंच शब्दाचं शेवटचं अक्षर ओळखायचं असेल तर त्या शब्दाकडे बघू नका, त्याच्या स्त्रीलिंगी रूपाकडे बघा. 'ग्राँ' म्हणजे मोठा, मोठी म्हणजे 'ग्राँद', आला की द ऐकू, म्हणजे पुल्लिंगीत पण डी लिहायचा. 'पती' म्हणजे लहान, स्त्रीलिंगी 'पतीत', म्हणून टी. 'फ्राँसे', 'फ्राँसेझ', म्हणून एस. 'लों', 'लोंग', म्हणून जी. स्त्रीलिंगीत शेवटी एक ई लागतो, तो ई स्वतः बोलत नाहीत पण आधीच्या व्यंजनाला बोलतं करतो, सगळी गंमत त्या ई मध्ये आहे. 'प्रम्ये' म्हणजे पहिला, यात आर गप्प आहे, पण पहिली म्हणजे 'प्रम्येर', आर परत आला बघा. त्यामुळे मी पोरांना विशेषण शिकवताना आधी स्त्रीलिंगी शिकवते आणि त्यातून पुल्लिंगी काढायला लावते. पुस्तकं उलटं करतात, पुल्लिंगी देतात आणि ई लावा म्हणतात, लिहायला ते ठीक आहे पण कानाला उपयोग नाही.

नाम असेल तर त्याच घरातला दुसरा शब्द शोधायचा. दात म्हणजे 'दाँ', दातांचा डॉक्टर 'दाँतीस्त', म्हणून दाताच्या शेवटी टी. शिसं म्हणजे 'प्लों', त्याच्या शेवटी बी, कारण प्लंबर म्हणजे 'प्लोंब्ये'. दूध 'ले', दूधवाला 'लेत्ये', परत टी. कला 'आर', कलाकार 'आर्तीस्त'. असं शंभरातल्या बऱ्याच शब्दांना चालतं पण सगळ्यांना चालत नाही हे पण सांगून ठेवते, नाहीतर परीक्षेत मला शिव्या बसतील. 'न्युमेरो' म्हणजे नंबर, नंबर घालणे 'न्युमेरोते', मध्ये त आला म्हणून मूळ शब्दाला टी लावाल तर चूक, तिथे काही नाही. 'बिझू' म्हणजे दागिना आणि दागिनेवाला 'बिझूत्ये', तिथेपण तसंच. आवडता म्हणजे 'फावोरी', आवडती 'फावोरीत', तरी पुल्लिंगीत टी नाही. हे आठ-दहा वेगळे पाठ करा, बाकीच्यांना धागा पुरतो.

केअरफुलचा नियम मला फारसा आवडत नाही. सुरुवातीला बरा वाटतो, 'आवेक', 'सेल', 'मेर', 'शेफ' सगळे बसतात, पण आर वर भरवसा ठेवता येत नाही. दोन किंवा जास्त अवयवांच्या (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांच्या) शब्दाच्या शेवटी ई-आर असेल तर बहुतेक वेळा आर गप्प, मग ते क्रियापद असो की जानेवारी-फेब्रुवारी असो की बेकरीवाला असो. आणि छोट्या शब्दात, 'मेर' समुद्र, 'फेर' लोखंड, 'शेर' प्रिय, तिथे बोलायचा. हिवाळा 'ईवेर' मोठा असून बोलतो, तो अपवाद. एल मध्ये पण 'झाँती' (चांगल्या स्वभावाचा), 'फ्युझी' (बंदूक), 'ऊती' (हत्यार) तिन्हीत गप्प. आणि जे शब्द बाहेरून आले, बस, टेनिस, क्लब, व्हायरस, तिथे शेवटचं व्यंजन स्वच्छ बोलायचं.

जुनी_पेठ

सांजवात यांनी छान सांगितलंय, मी फक्त 'लिहायचं कशाला' यावर लिहितो कारण त्याचं उत्तर आपल्या रोजच्या मराठीत पडलेलं आहे आणि कुणी बघत नाही.

ही अक्षरं कुणी उगाच घातलेली नाहीत (काही घातलीत, त्यावर पुढे), जुन्या फ्रेंचमध्ये ती खरंच बोलायचे. बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर ती गळायला लागली, नंतर वाक्याच्या शेवटी पण गळली, सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत बहुतेक गेली. लिखाण तिथेच राहिलं. 1066 मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात गेले आणि त्यानंतरच्या तीनेकशे वर्षांत इंग्रजीने फ्रेंच शब्द ढीगभर उचलले, ते अशा काळात उचलले जेव्हा शेवटचा टी जिवंत होता. फॉरेस्ट, पॉइंट, प्रॉफिट, पार्लमेंट, गव्हर्नमेंट, सगळ्यांचा टी इंग्रजीने आजपर्यंत सांभाळला आणि आपणही फॉरेस्ट खातं म्हणताना तो खणखणीत बोलतो. फ्रेंच माणूस त्याच शब्दाला 'फॉरे' म्हणतो.

मग सतराव्या शतकानंतर इंग्रजीने परत फ्रेंच शब्द घेतले, पण आता फ्रेंचांचं शेवटचं व्यंजन मेलेलं होतं, म्हणून इंग्रजीने ते मेलेलंच घेतलं. आता बघा, एसटीचा डेपो, लग्नातला बुफे, स्टेजवर देतात तो बुके, क्रोशाचं विणकाम, हॉटेलबाहेरचं वॅले पार्किंग (व्हॅलेट म्हणणारे इंग्रज पण आहेत, तो शब्द जरा आधी गेला आणि दोन्ही उच्चार चालतात). सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे आणि आपण एकाचाही बोलत नाही. गॅरेजवाला 'चासी नंबर' म्हणतो ना, त्या चासीच्या शेवटी इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये एस आहे, आणि आपला मिस्त्री तो न बोलून अगदी बरोबर बोलतो. म्हणजे शब्दाच्या शेवटी टी ऐकू येतो की नाही यावरून तो इंग्रजीत साधारण कधी शिरला याचा अंदाज बांधता येतो, मला हे फार विलक्षण वाटतं.

एनसीसीवाल्यांना माहीत असेल, नॅशनल कॅडेट कोअर. त्या कोअरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी पी आणि एस दोन्ही आहेत आणि दोन्ही गप्प. त्याला एक ई जोडला की प्रेत या अर्थाचा 'कॉर्प्स' होतो आणि तिथे दोन्ही बोलायचे. मूळ दोघांचंही लॅटिनमधलं 'कॉर्पुस', म्हणजे शरीर. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'कोर्स' झालं होतं, पी केव्हाच गळाला होता, पण नंतर विद्वान मंडळींनी लॅटिनची आठवण म्हणून तो लिखाणात परत घुसवला. बोटाच्या 'द्वा' मध्ये मधे जी, काळाच्या 'ताँ' मध्ये पी, वीसच्या 'वँ' मध्ये जी, सगळी हीच करामत. वजनाच्या 'प्वा' मध्ये तर डी चुकीच्या व्युत्पत्तीवरून घातलाय, ज्या लॅटिन शब्दावरून तो आला असं समजले, त्यावरून तो थेट आलेलाच नाही. फ्रेंच अकादमी 1635 ला स्थापन झाली, तिचा पहिला शब्दकोश 1694 ला आला आणि त्यात असलं बरंच पक्कं झालं. 1740 च्या आवृत्तीत मधले न बोलायचे एस बऱ्याच ठिकाणी काढून आधीच्या स्वरावर टोपीसारखी खूण घातली, फॉरेस्टचा एस गेला तो तेव्हा, पण शेवटच्या अक्षरांना तिथेही हात लावला नाही.

रेडिओवेडा

इंग्रजीचं मी सांगतो. मैनाताई तुम्ही लॅम, थम, बॉम म्हणालात, ते तिन्ही एका माळेचे नाहीत. लॅम म्हणजे कोकरू, क्लाइम, कोम (कंगवा), यांचा बी जुन्या इंग्रजीत खरंच होता आणि बोलायचे. थम (अंगठा) आणि लिम (अवयव) मध्ये बी कधीच नव्हता, बाकीच्यांचं बघून नंतर लावला. आणि बॉम्बचा बी वेगळाच, तो जिवंत आहे, 'बॉम्बार्ड' म्हणताना बाहेर येतो. तसंच ऑटम, हिम, कंडेम, सॉलेम यांच्या शेवटचा एन, एकटा शब्द म्हणताना गायब, आणि ऑटम्नल, हिम्नल, कंडेम्नेशन, सॉलेम्निटी म्हणताना हजर. म्हणजे सांजवात यांनी सांगितलेली युक्ती इंग्रजीतही थोडी चालते, फक्त इंग्रजीत असे शब्द मूठभर आणि फ्रेंचमध्ये अख्खं व्याकरण त्यावर उभं.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, इंग्रजांचा आर. लंडनकडचे लोक 'कार' मधला आर बोलत नाहीत, 'काऽ' म्हणतात, पण पुढे स्वर आला, 'कार इज' म्हणायचं असलं की आर लगेच येतो. फ्रेंच लोक दोन शब्द जोडताना करतात तेच. आणि सवय इतकी मुरलेली की जिथे स्पेलिंगमध्ये आर नाही तिथेपण घालतात, ब्रिटिश क्रिकेट कॉमेंटरी कान देऊन ऐका, 'इंडियार अँड इंग्लंड' असं ऐकू येतं, मी लहानपणी रेडिओला कान लावून ऐकायचो तेव्हापासून हे डोक्यात आहे. आपण मराठी लोक आर सगळीकडे बोलतो त्यामुळे आपल्याला हा प्रश्नच पडत नाही.

आणि आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत असं एक, मुलीला सांगा. इंग्रजीत 'वॉक'चा भूतकाळ लिहिताना शेवटी डी, पण बोलायचा 'वॉक्ट'. 'डॉग'चं अनेकवचन लिहिताना एस, बोलताना माझा-तुझा मधला झ. आधीचं अक्षर क, प असं कठोर असेल तर ट आणि स; ग, ब असं मृदू असेल तर ड आणि झ. शाळेत 'वॉक्ड' शिकून आलेली मुलं खूप आहेत.

मैना

अरे वा, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! डेपो आणि चासी मुलीला वाचून दाखवलं, ती आता घरातल्या वस्तूंची नावं तपासत फिरतेय. रेडिओवेडा म्हणाले ते दोन शब्द जोडण्याचं जरा सोपं करून सांगाल का कुणी? आणि 'प्ल्यू' की 'प्ल्यूस', म्हणजे 'अधिक' या अर्थाचा शब्द, त्याचा शेवटचा एस बोलायचा की नाही, दर वेळी वेगळं ऐकू येतं.

माँट्रियलकर

मैनाताई, हे मी सांगतो, इथे माँट्रियलला (इथले लोक 'मोंरेआल' म्हणतात, मधला टी गप्प, शेवटचा एल बोलका) रोज कानावर पडतं.

जोडणं असं. 'ले' म्हणजे इंग्रजीतला 'द' (द बुक मधला), पण अनेकवचनी, 'आमी' म्हणजे मित्र. एकत्र म्हणताना 'लेझामी'. तो झ म्हणजे 'ले'च्या शेवटी लिहिलेला एस, एरवी झोपलेला, पुढे स्वर आला की जागा होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. माझा मधला झ, झाडातला म्हटलं तरी चालेल, दोन्ही एकच, फक्त झेंड्यातला नको. सहा हा आकडा घ्या, एकटा म्हटला तर 'सीस', सहा पुस्तकं 'सी लीव्र', सहा मित्र 'सीझामी', एकाच स्पेलिंगचे तीन उच्चार. दहाचंही असंच. नऊ म्हणजे 'नफ', पण नऊ वाजले म्हणताना फ चा व होतो, 'नवर'. आणि 'ग्राँ' मधला डी जोडताना ट सारखा, खरं तर त सारखा येतो, 'ग्राँतॉम', थोर माणूस. कारण जुन्या काळी तो शब्द टी नेच लिहायचे आणि बोलायचे, डी नंतर लॅटिन बघून लावला, लिखाण बदललं पण जोडणीत जुना त टिकून राहिला. 'आणि' या अर्थाचा 'ए' असतो त्याच्या शेवटी टी आहे, तो मात्र कधीही जोडायचा नाही, काहीही झालं तरी.

आता प्ल्यू. हे नीट ऐका कारण दुकानात गोंधळ होतो. पुस्तकात 'आता अधिक नाही' म्हणताना नकाराचे दोन तुकडे असतात, बोलताना पहिला तुकडा सगळे खाऊन टाकतात. मग बेकरीत तुम्ही काही मागितलं आणि ती बाई म्हणाली 'याँना प्ल्यू' तर संपलंय. आणि कुणी म्हणालं 'याँना प्ल्यूस' तर जास्त आहे. अक्षरं तीच, एक एस बोलला की नाही एवढ्यावर आहे आणि नाही ठरतं. म्हणून फ्रेंच माणूस स्वतःच 'जास्त' म्हणायचं असलं की तो एस दाबून बोलतो.

अजून एक, फ्रेंच सगळीकडे एकसारखं नाही. क्युबेकमध्ये घरगुती बोलण्यात 'इसी' (इथे) चं 'इसीत' होतं, अंथरुणाच्या 'ली' चं 'लीत', थंडीच्या शब्दाचं 'फ्रेत'. जो टी फ्रान्समध्ये मेला तो इथे आजी-आजोबांच्या तोंडात अजून आहे. परीक्षेत लिहू-बोलू नका, पण इकडचं कुणी भेटलं तर दचकू नका.

अनुस्वार

सगळं वाचलं आणि राहवलं नाही. 'बोलायचं नाही तर लिहायचं कशाला' हा वाद आपण मराठीत घालून मोकळे झालोय! आजोबांची जुनी पत्रं असतील तर काढून बघा, 'नांव', 'कांहीं', 'त्यानें', 'मी करतों', 'घरीं', शब्दाशब्दावर टिंबं. त्यातली बरीचशी कुणी बोलत नव्हतं, व्युत्पत्तीसाठी आणि व्याकरणाच्या खुणेसाठी लिहायचे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 ला शासनाने स्वीकारले आणि स्पष्ट उच्चार होत नाही ते अनुस्वार गेले. आज माझ्या पिढीला ते कुठे होते हेही सांगता येणार नाही.

मग फ्रेंचांना का जमलं नाही, असा प्रश्न मला पडला होता आणि माँट्रियलकरांचं वाचून उत्तर मिळालं. आपला 'त्यानें' वरचा अनुस्वार पुढे स्वर आला म्हणून कधी जागा होत नव्हता. त्यांचा एस होतो. तो खोडला तर 'लेझामी' मधला झ कुठून आणायचा? 'ग्राँ' चा डी खोडला तर 'ग्राँद' चा द नव्याने शिकवावा लागेल. त्यामुळे आपण केलं ते आपल्यापुरतं बरोबर आणि त्यांनी ठेवलं ते त्यांच्यापुरतं बरोबर, असं माझं स्पष्ट मत आहे. एकवचन-अनेकवचन सोडा, तिथे मात्र मी त्यांच्या बाजूने नाही, 'पार्ल' ची तीन स्पेलिंगं लहान मुलांवर अन्याय आहे.

जुनी_पेठ

अनुस्वार, जवळजवळ पूर्ण सहमत. फक्त क्रियापदाचं एक, 'ते बोलतात' मधला शेवटचा टी प्रश्न विचारताना उलटा शब्दक्रम केला की जागा होतो, 'पार्लतील', म्हणजे ते बोलतात का. त्यामुळे तोही पूर्ण मेलेला नाही. 'तू बोलतोस' मधल्या एस चं समर्थन मात्र मलाही जड जाईल.

सांजवात

मैनाताई, परीक्षेआधी एवढं करा. शब्दांची वही दोन रकान्यांची, डावीकडे स्त्रीलिंगी किंवा त्याच घरातला शब्द, उजवीकडे मूळ शब्द आणि त्याचं शेवटचं अक्षर लाल पेनने. डिक्टेशनमध्ये क्रियापद आलं की आधी कर्ता शोधायचा, 'पार्ल' कानावर आलं म्हणून लगेच लिहायचं नाही, कर्ता 'इल' अनेकवचनी आहे का हे पुढच्या-मागच्या शब्दांवरून ठरवायचं, आणि पुढचं क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर 'इल' आणि त्याच्या मधे झ ऐकू आला की अनेकवचन पक्कं. 'इलेम' म्हणजे तो प्रेम करतो, 'इलझेम' म्हणजे ते करतात, हा फरक रोज दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावा तिला.

आणि बोलताना जे व्यंजन बोलायचं ते पूर्ण उच्चारायचं, इंग्रजीसारखं जिभेवर अडवून ठेवायचं नाही. त्यात आपल्याला फायदा आहे, फ्रेंचचा टी म्हणजे सरळ आपला 'त', दाताला जीभ लावून, 'पतीत' मराठी माणूस पहिल्या दिवशी बरोबर म्हणतो. फक्त इंग्रजीची सवय म्हणून 'पटीट' होऊ देऊ नका.

जाता जाता, सिनेमावाल्या बातम्यांमध्ये 'कान्स' येतं ते गाव 'कान' आहे, शेवटी ई आणि एस दोन्ही आहेत, एस गप्प, ई गप्प, पण त्या ई मुळेच आधीचा न पूर्ण ऐकू येतो. मुलीला विचारा तो ई नसता तर काय झालं असतं. 'काँ' म्हणाली तर तिला सगळं कळलंय.

मैना

विचारलं. जरा वेळ ओठ हलवले आणि 'काँ' म्हणाली! वही उद्याच करतो.